हाक माफ

कोपरगावात येवला रोडला रविराजचं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. खाली पाइपांची भेंडोळी, वर पत्र्याचा हॉल. त्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी चार बाप्ये खेळण्यातल्या गाड्या पळवतात, हे गावात बऱ्याच जणांना माहीत आहे आणि त्यावर बोलून बोलून लोक आता दमलेत. पन्नाशी ओलांडलेली माणसं, घरी पोरं लग्नाला आलेली, आणि इथे तळहाताएवढ्या गाडीपायी एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करतात. रविराजची बायको म्हणते, नवऱ्याला दारूचा नाद असता तर निदान चारचौघांत सांगता तरी आलं असतं.

खेळ तसा समजायला सोपा आहे. प्लायवूडच्या लांबलचक टेबलावर सुताराकडून वळणावळणाच्या तीन खाचा पाडून घेतल्या आहेत. खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याची पट्टी, पट्टीत वीज. गाडीच्या पोटाला खुंटी असते, ती खाचेत बसवायची. हातात पिस्तुलासारखा कंट्रोलर. त्याचा घोडा दाबला की गाडी पळते, सोडला की थांबते. वळवायचं काही नाही, ते काम खाचेचं. माणसाच्या हाती एवढंच, की कुठे दाबायचं आणि कुठे सोडायचं. वळणावर हावरटपणा केला की गाडी खाचेतून उडते आणि पत्र्याच्या भिंतीवर जाऊन आदळते.

आता उडालेली गाडी ज्याची त्याने उचलायची नाही, हा नियम. पळवणाऱ्याने जागा सोडायची नाही, नुसती आपल्या खाचेच्या नंबराची हाक द्यायची. तिघं पळवत असतात तेव्हा चौथा मोठ्या वळणाशी उभा राहतो आणि हाक ऐकून गाडी परत खाचेत बसवतो. या कामाला इंग्रजीत काहीतरी भारदस्त नाव आहे म्हणे. ते इथे रुजलं नाही, कारण शामकांतने पहिल्याच वर्षी त्याचं बारसं करून टाकलं. "हे तर दारं धरणं झालं," तो म्हणाला. उसाला पाणी देताना एका सरीचं तोंड बुजवत आणि दुसरीचं फोडत जो माणूस चिखलात उभा असतो, तो दारं धरतो. त्या दिवसापासून खाचांच्या सऱ्या झाल्या, पहिली, दुसरी, तिसरी, आणि वळणावर उभा राहणारा दाऱ्यावरचा झाला. गंमत अशी की चौघांत एकट्या शामकांतलाच शेत नव्हतं. बाकीच्या तिघांनी लहानपणापासून दारं धरलेली, पण हे त्यांच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

शामकांत मुळे गावातल्या हायस्कुलात मराठी शिकवायचा आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. रविराजच्या गाडीचं नाव त्याने आमदार ठेवलं होतं, कारण ती कुणासाठी थांबत नसे. बजरंग पाण्याच्या मोटारी रिवाइंड करणारा, त्याची गाडी सगळ्यांत जोरात पळायची आणि सगळ्यांत जास्त तापायची, तिचं नाव सासूबाई. दूध संकलन चालवणारा अमृत अबोल, म्हणून त्याच्या गाडीला नावच नाही, ती नुसती 'ती'. शामकांत स्वतः मात्र बहुतेक वेळा शेवटचा यायचा. हरला की तो शर्यत अशी रंगवून सांगायचा की जिंकणाऱ्यालाच ओशाळं वाटावं. पोरं शाळेत त्याला सर म्हणत. हॉलमध्ये तो शाम्या होता, ए येड्या होता, आणि बजरंग चिडला की याहून बरंच काही होता.

मागच्या हिवाळ्यात शाळेत प्रार्थनेच्या वेळीच त्याला झटका आला. नाशिकला नेलं. वेळेत नेलं, असं जो तो म्हणाला. हात परत आला, पाय परत आला, वाकडं झालेलं तोंड सरळ झालं. शब्द तेवढे आले नाहीत. म्हणजे शब्द होते, पण मागितलेला सोडून भलताच बाहेर पडायचा. पाणी हवं असलं की तो म्हणायचा "किल्ली". आणि आपण किल्ली म्हणालो हे त्याला स्वतःला ऐकू यायचं, खरा जीव तिथे जायचा. तो मान हलवायचा, पुन्हा जोर लावायचा, आणि पुन्हा किल्लीच यायची. लिहून दाखवावं तर पेनही त्याच वाटेने जायचं. त्याची बायको लीना हुशार बाई. ती पाणीही आणायची आणि किल्लीही आणायची. पुढे पुढे त्याने तोंड उघडायच्या आतच ती चार वस्तू समोर मांडून मोकळी व्हायला लागली.

पाठ असलेलं मात्र बिनचूक यायचं. वार, महिने, पाढे, अथर्वशीर्ष. बुधवार म्हणायचं असेल तर त्याला सोमवारपासून निघावं लागे आणि बुधवारावर नेमका ब्रेक दाबावा लागे. कधी कधी ब्रेक लागायचा नाही आणि तो थेट रविवारी जाऊन थांबायचा.

घरात सगळे त्याच्याशी फार चांगले वागायला लागले. पुण्याहून मुलगी देवश्री फोन करायची, ती बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्याने आणि सुटं सुटं बोलायची. लीनाने भांडणं बंद केली. वरणातल्या मिठापासून तिच्या भावाच्या उधळपट्टीपर्यंत इतकी वर्षं रोज काहीतरी चालायचं, ते सगळं थांबलं. टीव्हीचा रिमोट न मागता त्याच्या हातात यायचा. शामकांतला हे सहन होत नव्हतं. भांडायला माणूस बरोबरीचा लागतो, आणि आपल्याला त्या यादीतून काढून टाकलंय हे त्याला कळत होतं.

म्हणून उन्हाळा लागता लागता तो पहिल्यांदा रविराजच्या हॉलचा जिना चढला तेव्हा त्याच्या मनात एवढंच होतं, की इथे तरी आपल्याला कुणी हरवेल. दुसरं काही नको होतं त्याला.

"सर, सावकाश," वरून रविराज म्हणाला. शामकांतने मागे वळून पाहिलं. त्याला वाटलं, शाळेतलं कुणीतरी मागून येतंय.

हात काही विसरला नव्हता. तिसऱ्या सरीत गाडी लावली, घोडा दाबला, आणि कितीतरी दिवसांनी मनात आलं ते जसंच्या तसं बाहेर पडलं. गाडी पळाली. दुसऱ्याच फेरीत मोठ्या वळणावर उडाली, ते तर त्याच्या आजवरच्या लौकिकाला धरूनच होतं. आता हाक द्यायची. तिसरी. त्याने तोंड उघडलं आणि शब्द येईना. मग त्याला वारांची युक्ती आठवली आणि त्याने मुळापासून सुरुवात केली.

"पहिली," तो ओरडला.

दाऱ्यावर अमृत होता. दाऱ्यावरच्या माणसाने कानाने काम करायचं, डोळ्याने नाही, हेही ठरलेलं. वळणावर गाड्यांचा काला झाला की डोळा फसतो, हाक फसत नाही. अमृतचा हात हाकेसरशी गेला आणि त्याने पहिल्या सरीतून रविराजची भरधाव चाललेली गाडी उचलली.

"दुसरी," शामकांत म्हणाला. अमृतने बजरंगची उचलली.

"तिसरी."

अमृत दोन्ही हातांत गाड्या घेऊन उभा राहिला आणि तिसरी कशाने उचलावी या विचारात पडला. "आरं, पळत हुती की माझी," रविराज म्हणाला. मग सगळेच हसले. शामकांत सगळ्यांत जास्त हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, कारण ही त्यांची जुनी मजा होती आणि तो तिच्या अगदी मधोमध होता.

पण त्या दुपारी ते पुन्हा झालं, आणि परत एकदा झालं, आणि तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. बजरंग घसा साफ करून म्हणाला, "सरांना कायमची पहिली सरी देऊन टाका. म्हंजी पहिली म्हनलं की झालं काम." शामकांतने जोरजोराने मान हलवली. पहिली सरी आतली, तिचा पल्ला कमी, म्हणून सऱ्या फिरत्या ठेवायच्या, हा नियम त्यानेच एकदा कडाकडा भांडून करून घेतला होता. ते रविराजला बरोबर कळलं. कळलं ते एवढंच कळलं.

"मग आसं करू," तो म्हणाला. "सरांना हाक माफ. अमृत, त्यांची गाडी तू नजरेनं बघून उचलायची. आमची हाकेनं."

माफ. फी माफ असते, शिक्षा माफ असते, सात खूनही माफ असतात. आपल्याला यातलं काय माफ झालं, याचा शामकांत घरी जाईपर्यंत विचार करत राहिला.

त्यानंतर तो जिंकायला लागला. पहिल्या रविवारी त्याला खरंच वाटलं. का वाटू नये? गडी इतका खूश झाला की रात्री दोन पोळ्या जास्त जेवला. लीनाला त्याने हाताने गाडी पळवून दाखवली, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. लीनाला समजलं आणि तिने साखर ठेवली त्याच्या हातावर. पुढच्या रविवारीही तोच जिंकला. त्याच्या पुढच्याही. बोलणं गेलं त्याच्या बदल्यात देवाने हातात काही दिलं की काय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. याची त्याला नंतर फार लाज वाटली.

कारण मग त्याने रविराजचं बोट पाहिलं. मोठं वळण आलं की रविराज घोडा सोडत होता. रविराजने जन्मात त्या वळणावर घोडा सोडला नव्हता. समोरच्या पत्र्याला जे पोचे आलेले आहेत त्यातले निम्मे आमदाराचे आहेत. शामकांतने मग बजरंगकडे पाहिलं. सासूबाई सरळ रस्त्यावर अशी चालली होती, की पाठीमागून कुणीही यावं आणि पुढे जावं. तिघांनी आपसात ठरवलं होतं. वाईट असं कुणाच्या मनात काही नव्हतं, आणि म्हणूनच त्यावर तोड नव्हती.

दोन शब्द बोलायचे होते. मला हरवा. त्याने घरी सराव केला, न्हाणीघरात, दार लावून, नळ सोडून. 'मला' यायचं. त्याच्यापुढे हरवा यायचं नाही. मला हळद, मला हरभरा, मला हवा. एकदा तो बाहेर आला तर लीना हळदीचा डबा हातात घेऊन दाराशी उभी होती. हॉलमध्ये त्याने खुणा करून पाहिल्या. रविराज आणि बजरंगकडे बोट दाखवलं, मान हलवली, अंगठा खाली केला. "सर दमले," बजरंग म्हणाला, आणि पंखा वाढवला.

शेवटी त्याने ठरवलं, की हे हरवत नाहीत तर आपण हरायचं. त्याला तरी कुणाची परवानगी लागते? ते तर आपल्या बोटात आहे.

त्या रविवारी दुसरी सरी त्याच्या वाट्याला होती. पहिलीत रविराज, तिसरीत बजरंग, दाऱ्यावर अमृत. शर्यत सुरू झाली आणि मोठ्या वळणावर त्याने घोडा मुठीत आवळून धरला. गाडी उडाली, पत्र्यावर वाजली, खाली पडली. त्याला बरं वाटलं. आता हे दोघे जातील पुढे. त्याने टेबलावर नजर टाकली. वळणाच्या पुढे दोन्ही गाड्या उभ्या होत्या. रविराज खिशात काहीतरी शोधत होता. बजरंग पंख्याकडे बघत होता. अमृतने गाडी पुसून खाचेत बसवली, आणि ती निघाल्यावर मग दोघांना आपापल्या गाड्यांची आठवण झाली.

त्याने पुन्हा उडवली. ते पुन्हा थांबले. पुढच्या फेरीतही तेच झालं. शेवटची फेरी आली. शेवटची रेघ वीतभर राहिली आणि त्याने घोडा पूर्ण सोडला. गाडी थांबली. मागून आमदार आला आणि थांबला. सासूबाई आली, तीही थांबली. रेघेच्या अलीकडे तिन्ही गाड्या ओळीने उभ्या राहिल्या आणि हॉलमध्ये उन्हाने पत्रा तडतडल्याचा तेवढा आवाज येत राहिला. शामकांतने कंट्रोलर टेबलावर ठेवला. हाताची घडी घातली. रविराजकडे बघत राहिला. बघ, मी थांबलोय, आता तरी जा. इतकं उघड त्याने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

"दाबा की, सर," रविराज हळू आवाजात म्हणाला. "जवळच हाय आता."

शामकांतने मान हलवली.

"करंट जात नसंल त्यांच्या गाडीला," बजरंग म्हणाला.

मग अमृत वळण सोडून आला. शर्यत चालू असताना दाऱ्यावरच्या माणसाने जागा सोडलेली त्या हॉलमध्ये आजवर कुणी पाहिली नव्हती. तो टेबलाला वळसा घालून आला, खाली वाकला, आणि शामकांतची गाडी दोन बोटांनी अलगद रेघेपलीकडे सारली. फेऱ्या मोजणारं यंत्र टुंग वाजलं. तिघांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यावर भागलं नाही. रविराज कपाटाकडे गेला आणि एक पिशवी घेऊन आला. पिशवीत शाल होती, नारळ होता. "सलग इतके रैवार जिंकतोय कोन आजपोतर?" तो म्हणाला. "आपल्याला काय गावानं सत्कार करायची वाट बघायची न्हाई." त्या उकाड्यात त्याने शामकांतच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि दोन पावलं मागे सरून हात जोडले. त्याने हे थट्टेत केलं नाही, हे शामकांतला दिसत होतं.

आता नाही तर कधीच नाही. शामकांतने श्वास घेतला. मला हरवा. त्याने रविराजच्या डोळ्यांत पाहिलं आणि तोंड उघडलं.

"मला," तो म्हणाला.

तिघेही पुढे झुकले.

"मला," शामकांत म्हणाला, "आपण जो हा सन्मान दिलात, त्याबद्दल मी आपल्या सर्वांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे."

शाळेत कुठलाही कार्यक्रम असो, पाहुणे कुणीही असोत, शेवटी आभार मानायला मुळे सरांनाच उभं करत. दुसऱ्या कुणाला ते नको असायचं. इतक्या वर्षांत ती वाक्यं त्याच्या तोंडात इतकी बसली होती की उभ्या उभ्या झोपेतही त्याने ती म्हटली असती. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि ती आपण होऊन निघाली. त्याने ओठ मिटायचा प्रयत्न केला. ओठ ऐकेनात. "आपण वेळात वेळ काढून इथे उपस्थित राहिलात, ही आमच्यासाठी भाग्याची गोष्ट आहे," त्याचा आवाज म्हणत होता, स्वच्छ, खणखणीत, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "आपलं असंच प्रेम आणि मार्गदर्शन आम्हाला यापुढेही लाभत राहो, अशी अपेक्षा व्यक्त करतो आणि माझे दोन शब्द संपवतो."

संपले. त्यातले त्याचे दोन शब्द आले नाहीत ते नाहीतच.

बजरंग रडत होता. बाही डोळ्यांना लावून, मोठ्या माणसाने रडू नये इतक्या मोकळेपणाने रडत होता. अमृत, जो महिन्यातून चार वाक्यं बोलायचा, तो "बोलले, बोलले" म्हणत त्याच जागी फिरत होता. रविराजने शामकांतला मिठी मारली तेव्हा नारळ दोघांच्या मध्ये आला आणि बरगडीला लागला. मग त्याने फोन काढला आणि स्पीकरवर टाकला.

"वहिनी, रविराज बोलतोय. सर बोलले. न्हाई, न्हाई, पाढे न्हाईत. पल्लेदार बोलले, भाषनच झालं. आमच्या तिघांच्या देखत."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली, मग गॅस बंद केल्याचा आवाज.

"जिंकल्यामुळं झालं हे, वहिनी," रविराज सांगत होता. "माझी तर पैज हाय. मानसाला हुरूप लागतो. आता तुमी काळजी करू नका. आमी त्यांना एकदाबी हरू देत न्हाई बगा. जलमभर न्हाई."

शामकांतने त्याचा दंड धरला. नाही म्हणायला मान हलवली, दोनदा, तीनदा. रविराजने त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि थोपटलं.

"अहो," फोनमधून लीनाचा आवाज आला. ती रडत होती, आणि रडताना हसत होती. झटका आल्यापासून तिचा असा आवाज त्याने ऐकला नव्हता. "अहो, मला पण ऐकवा ना. एकदाच म्हणा. काय म्हणालात ते."

रविराजने फोन त्याच्या तोंडाशी धरला. शामकांतने त्या तिघांकडे पाहिलं. त्याला गप्प राहता आलं असतं, ते त्याला आता चांगलं जमायला लागलं होतं. पण ती पलीकडे श्वास रोखून थांबली होती.

शामकांतने खांद्यावरची शाल सारखी केली. फोनजवळ थोडा वाकला.

"आपण जो हा सन्मान दिलात," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी सगळं पुन्हा एकदा म्हटलं, शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता.